कुठे उभी आहेस

रास्ता पेठेतल्या इस्पितळाचं तळघर,
माझी पहिली नोकरी, रात्रपाळी.
बागवान सर म्हणाले, "इथे विंडोज नाही,"
आणि मी भिंतीकडे बघितलं.
खिडकीही नव्हती.
एक एसी, अकरा सर्व्हर, पाठ मोडलेली खुर्ची,
आणि काळ्या पडद्यावर
उघडमीट करणारी एक रेघ.

कोर्समध्ये चित्रावर टिचकी मारायला शिकले होते.
इथे चित्र नाही. इथे बोलावं लागतं,
तेही मोजकं, आणि शुद्धलेखन सांभाळून.
मोठं अक्षर वेगळं, लहान वेगळं.
मला आठवीच्या तुपे बाई आठवल्या:
"दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब.
एका वेलांटीनं माणूस रस्त्यावर येतो, पोरी."

पहिली आज्ञा, सर म्हणाले, पीडब्ल्यूडी.
मला हसू आलं.
माझे वडील पीडब्ल्यूडीत, पाटसच्या रस्त्यावर
खड्डे बुजवायला, हजेरीवर.
"ती नव्हे. ही फक्त सांगते,
आत्ता तू कुठे उभी आहेस."
एवढंच? म्हटलं, ते तर मला माहीत असतंच की.

परवानग्यांचे आकडे पटकन जमले.
वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक.
आधी मालक, मग घरचे, मग उरलेलं जग.
सातशे सत्याहत्तर म्हणजे दार सताड उघडं;
बिलांच्या अख्ख्या फोल्डरला
कुणीतरी कंटाळून तसं करून ठेवलं होतं.
मी एक रिकामी फाइल केली, तिला सहाशे दिले.
मीच वाचणार, मीच लिहिणार, बाकी कुणी नाही.
आम्ही चार भावंडं एका ट्रंकेत वाढलेली,
अशी ही माझी पहिलीच वस्तू.
आत काय लिहावं ते मात्र सुचेना.

तिसऱ्या रात्री डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरली.
जुने लॉग काढायचे होते. हात सरावला होता,
मारला झाडू,
तो दुसऱ्याच खोलीत लागला.
"नक्की का?" असं कुणी विचारलं नाही,
कचऱ्याची टोपली नाही की पश्चात्तापाचं बटण नाही.
एक्स-रे विभागाच्या पंधरा दिवसांच्या याद्या
होत्या, आणि नव्हत्या.
रेघ आपली उघडमीट करत राहिली.

सर आले, हातात अर्धा क्रीमरोल.
सुडो लिहून पासवर्ड टाकला त्यांनी,
पडद्यावर एक ठिपकासुद्धा उमटला नाही,
मला वाटलं कीबोर्डही गेला.
बॅकअपमधून याद्या परत यायला चाळीस मिनिटं लागली.
ओरडले नाहीत. हाताचा चुरा झटकत म्हणाले,
"आधी कुठे उभी आहेस ते विचार. मग झाडू."

चौथ्या मजल्यावर डॉक्टर ओकांचा मॅक.
चंदेरी, देखणा, त्याला हात लावायची भीती.
सर म्हणाले, "गोधडी उचल,
खाली आपलाच काळा पडदा आहे."
उचलली. होता.
पीडब्ल्यूडी विचारलं, त्यानंही
मुळाच्या तिरक्या रेघेपासून सगळा पत्ता सांगितला.

पहाटे पॉवर हाऊसच्या चौकात चहा घेताना
वडिलांचा फोन.
"कुठंयस?"
"पॉवर हाऊसपाशी. सुटले आत्ताच."
"बरं."
ठेवला.

चोवीस वर्षं वाटायचं, हा माणूस बोलत नाही
म्हणजे माझं काहीतरी चुकलंय.
आता वाटतं, चुकलं असतं
तर लांबलचक ओळ आली असती तिथल्या तिथे.
काम नीट झालं की ही मंडळी गप्प बसतात.

अर्थात त्या रात्री झाडू मारला
तेव्हाही सगळं गप्पच होतं.
याचा उलगडा सरांना विचारायचा राहिलाय.

चहावाला सुट्टे मागत होता.