आवक क्रमांक

समाजमंदिराची किल्ली भांडीवाल्या दत्तूकडं असते.
तो आंघोळीला गेला असला की रविवारचा वर्ग पायरीवर.
आत लग्नाच्या कढया, मांडवाचे बांबू,
आणि त्यातून वाट काढत बसलेली अकरा पोरं.
बारावा प्रज्ञेश. तो गंगावेशीच्या कट्ट्यावर
दुधाचे पेले विसळून येतो,
बोटं सुरकुतलेली, पेन निसटतं.

फळा नाही. उपड्या कढईच्या काळ्या बुडावर
मी खडूनं एकच शब्द लिहिते: काही.
हा बातमीत घालायचा नाही.
'काही घरांत पाणी शिरलं.'
काही म्हणजे किती?
जा, मोजून या.

पुराच्या साली मी मोजली होती,
कंबरभर पाण्यातून, वही डोक्यावर धरून.
एकेचाळीस घरं.
छापून आलं: काही.

एकोणीस वर्षं मी इंचावर लिहिलं.
महिनाअखेरीला कात्रणांना पट्टी लावायची,
इंचाला इतके, फोटोचे वेगळे,
नावाच्या जागी 'आमच्या प्रतिनिधीकडून'.
त्या 'आमच्या'त मी आहे का,
हे विचारायला कुठली खिडकी नव्हती.
एप्रिल आला की फोन यायचा,
मॅडम, पुरवणी काढतोय, तुमच्यातलं एखादं द्या की.
डिसेंबरात परत.
मधल्या महिन्यांत उसाचा दर होता,
महापौराची निवड होती, राजारामपुरीतला दरोडा होता.
ते लिहायला दुसरी माणसं होती.

म्हणून आता मी पोरांना कारखान्याचा ताळेबंद वाचायला लावते.
निविदा. साखर उतारा. ठरावाची तारीख.
प्रज्ञेश जांभई देतो,
मावशी, ह्यात आपलं काय हाय?
तेच शोध, म्हणते.

वाळूच्या बातमीवरून समुद्रेवर दावा पडलाय.
ऑफिसनं हात वर केले, तो आमचा नोकर नाही म्हणाले.
खरंच आहे, तोही इंचावरचाच.
दर तारखेला आम्ही चौघं कसबा बावड्याला जातो,
कोर्टाच्या मागच्या बाकावर वह्या उघडून बसतो.
लिहीत कोणीच काही नाही.
समोरचा वकील मात्र सारखा वळून बघतो.
वर्गणीतून त्याच्या वकिलाची फी जाते,
आणि येताना मिसळीचे पैसे समुद्रेच देतो,
ऐकत नाही.

मे महिन्यात रेशमा सकटेनं नळाची बातमी केली.
दहा दिवस कोरडे. बायका महापालिकेत गेल्या.
डेस्कवरून फोन आला, चांगली आहे, लावतोय,
मथळा घेतलाय, दलित महिलांचा आक्रोश.
मी शेजारीच होते.
जीभ चावून बसले. फोन तिचा होता.
ती उठली, दारापर्यंत गेली,
चप्पल पायात सरकवली, परत काढली.

आक्रोश नाही केला सर.
अर्ज दिला.
आवक क्रमांक सतराशे बेचाळीस.
लिहून घेताय ना?

पलीकडं बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.
मग कोणीतरी म्हणालं, परत सांगा.
तिनं एकेक आकडा सुटा सांगितला,
रेशनच्या दुकानात सांगतात तसा.

मंगळवारी आलं. सहावं पान,
वधू-वर मेळाव्याच्या जाहिरातीखाली, नऊ ओळी.
तिचं नाव नव्हतं.
'काही'ही नव्हतं.
नळाला पाणी आलं का, ती निराळी बातमी,
अजून चालू आहे.

मी सवयीनं पट्टी काढली, कात्रणाला लावली.
पावणेदोन इंच, म्हटलं.
रेशमानं पट्टी माझ्या हातातून घेतली,
कढईवर कागद पसरून सरळ केला, पुन्हा मोजलं.
दोन, मावशी.
तुम्ही मथळा धरला नाहीसा.