समुद्राखालून

सकाळी बोटं उघडायला चाळीस मिनिटं लागतात.
आधी अंगठा. मग ज्यात अंगठी असायची, ते.
खिडकीबाहेर मेंढ्या केव्हाच कड्यावर पोचलेल्या
आणि मी अजून पलंगाच्या काठाशी,
पायांना विचारत: निघायचं का?

तोर्शाव्नला दोन डॉक्टर, दोन मजले.
खालचा पोटाचा: रक्त पडतं का, रात्री किती वेळा उठता.
वरचा सांध्यांचा: कुठला गुडघा, कधीपासून.
दोन वर्षं मी तो जिना चढले-उतरले,
याचा कागद त्याला न दाखवता.
आजार रेड्याला, डाग पखालीला.
मग मे महिन्यात वरच्या मजल्यावर नवी बाई आली,
माझ्या कमरेत अंगठा रोवत तिनं सहज विचारलं,
"आणि पोट काय म्हणतंय?"
नंतर, लिहिता लिहिता: "घरात आणखी कुणाला?"
"नाही," मी म्हणाले.

परतीला बोगदा. अकरा किलोमीटर, समुद्राच्या पोटातून.
वाटेत संडास नाही, हे मला पाठ आहे,
जसा प्रत्येक बेटावरचा प्रत्येक संडास पाठ आहे.
मधोमध दिव्यांचा तो गोल चौक,
एक फाटा रूनाविकला, एक स्ट्रेंदूरला.
वरून पाहाल तर बेटं
एकमेकांना ओळखही देत नाहीत.

तिथे, निळ्या उजेडात, यालग्रिम मामा आठवला.
ट्रॉलरवरचा. लोक म्हणायचे, गुडघ्यांत गारठा बसलाय त्याच्या.
आणि वेगळ्याच दिवशी, आवाज उतरवून: पोट नाजूक आहे.
ही दोन वाक्यं एका ताटात कुणी वाढलीच नाहीत.
ओलाव्सोकाच्या रात्री नाचाच्या साखळीत मी त्याच्या शेजारी,
दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे,
त्याची बोटं माझ्या मुठीत जाड, ऊन.
मध्येच हात सोडवून तो अंधारात जायचा.
आम्ही पोरं म्हणायचो, प्यायला गेला.
परत यायचा तेव्हा वास नसायचा कसलाच.

चौकाला मी दोन वळसे घातले.
मागच्यानं हॉर्न दिला.

आता फ्रिजमध्ये लोण्याशेजारी सुई असते,
दर दुसऱ्या गुरुवारची.
अर्धा तास आधी काढून ठेवायची,
गार टोचली की आग होते.
त्या अर्ध्या तासात मी आईला फोन लावते,
आणि विचारत नाही.

काल विचारलं.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला, तिच्याकडचा.
मग म्हणाली,
"त्याचे कपडे मीच धुवायचे."