तेरा नंबरची खुर्ची

आम्ही चारशे.
न्यू हॅम्पशायरसारख्या चिमूटभर राज्याला
कनिष्ठ सभागृहात चारशे आमदार:
डोळे मिटून दगड भिरकावा,
एखाद्याच्या तरी छपरावर पडेल.
पगार वर्षाला शंभर डॉलर.
पणजोबांच्या काळात ठरला,
तो अजून तसाच.

सभागृहात टेबल नाही, खण नाही,
कागद मांडीवर, कोट पाठीशी.
खुर्च्यांना तेवढे नंबर आहेत.
बारानंतर थेट चौदा.
तेरा कुणीतरी अपशकुनी म्हणून गाळला,
आणि इतक्या वर्षांत
त्याच्या बाजूने बोलायला एकही उभा राहिला नाही.

बारावर रोझेअर लावेर्तू,
चौदावर मी.
मधे कुणी नाही.

रोझेअर कागदगिरणीत अडतीस वर्षं होता.
चिमणी पाडली त्या दिवशी
डबा घेऊन बघायला गेला,
आणि भूक लागली म्हणून खाल्लाही, म्हणतो.
अधिवेशनाला पहाटे चारला निघतो,
खिंडीत बर्फ ठाण मांडून बसलेला.
मी शाळेची बस चालवते,
त्यामुळे आमचं बोलणं टायरांवर जास्त,
राजकारणावर कमी.

आठ वर्षांत त्याचं विधेयक एकच.
काउंटीचं जुनं गरिबांचं शेत:
ज्यांचं कुणी नाही अशांना तिथं ठेवत,
बटाटे काढायला लावत,
आणि मेले की मागच्या उतारावर पुरत.
दगडावर नाव नाही, नंबर.
दोनशे साठ दगड.
नोंदवही सापडली आहे, रोझेअर म्हणाला माइकवर,
नंबरासमोर नावं आहेत.
शोधायची नाहीत, नुसती कोरायची आहेत.
बोलताना टोपी हातात होती त्याच्या,
जणू ती सगळी मंडळी समोरच बसली होती.

समितीचा शेरा: कायदा करणे इष्ट नाही.
आमच्याकडे हाच शेरा मताला टाकतात,
म्हणून हिरवं बटण म्हणजे विधेयक मारा,
लाल म्हणजे जगू द्या.
नव्या माणसाला हे कळायला एक हिवाळा जातो.
मला हा सातवा हिवाळा.

दोनशे साठ दगड, छिन्नी, मजुरी.
मला आमच्या शाळेचं गळकं छप्पर आठवलं,
जिमच्या मध्यभागी ठेवलेली बादली आठवली.
मी हिरवं दाबलं.
मधे तेरावा नसल्यामुळे
माझं बोट त्याला सरळ दिसलं.

एकशे चौऱ्याहत्तर विरुद्ध एकशे एकाहत्तर.
सभापतींचा हातोडा, आणि लगेच पुढचं विधेयक,
कुत्र्यांच्या परवान्याचं.
रोझेअरने खिशातून मेपलच्या साखरेचा खडा काढला,
दाताने दोन केला
आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.
रोज ठेवतो तसाच.
मी तो बराच वेळ तोंडात घोळवत राहिले,
विरघळता विरघळेना.

संध्याकाळी पार्किंगमध्ये काचा खरवडताना
तो आपणहून म्हणाला:
सत्तेचाळीस नंबर माझ्या आजीची बहीण.
देल्फीन.
दगडवाल्याशी बोललोय,
एका अक्षराला बारा डॉलर.
इंग्रजीत आठ अक्षरं होतात, शहाण्णव.
शंभरातले चार उरतात,
कॉफी पितो.

आणि आडनाव?

आडनाव पुढच्या वर्षी, तो म्हणाला,
निवडून आलो तर.

त्याची गाडी गेली उत्तरेला.
मी हीटर लावून बसले.
वायपर बर्फ ढकलत होते,
इकडे, तिकडे, होय, नाही,
आणि मी स्टिअरिंगवर बोटांनी मोजत होते:
गान्यों.
जी, ए, जी, एन, ओ, एन.
सहा.
सहा बारे बहात्तर.