सातवा ठोका

दादरला, हिंदू कॉलनीच्या चौथ्या गल्लीत,
तळमजल्यावर माझी दातांची लॅब.
दिवसाला बारा-चौदा कॅप घडवते,
कानात हेडफोन. त्यामुळे
यंदाचे एकूण एक नवे अल्बम
प्लास्टरची पूड नाकात घेत ऐकलेत मी,
आणि माझं मत कुणी विचारलेलं नसलं
तरी ते पक्कं आहे.

'पाणीकपात'चा दुसरा अल्बम: नको.
पहिल्यात तीन पोरं होती, एक फाटका अँप होता
आणि मुलुंडच्या कुठल्याशा गच्चीवरचा संताप.
आता व्हायोलिनं आलीत. सहा.
संताप भाड्याने दिलाय वाटतं.

'सॉल्ट पॅन' बरा. पण गाणारा
ओळ अशी सोडतो, जशी भूल दिलेला पेशंट चूळ:
अर्धी बेसिनमध्ये, अर्धी शर्टावर.
तिसऱ्यांदा ऐकताना
शर्टावरचीच आवडू लागली.

'लिफ्ट बंद आहे' या बँडबद्दल मी बोलणार नव्हते.
नऊ गाणी, नवांत एकच मुलगी, बेंगळुरूला गेलेली.
पाचव्या गाण्यापर्यंत मलाही वाटायला लागतं,
गेली ते बरं केलं पोरीने.

आणि ड्रम. हल्ली सगळ्यांचे ड्रम
कसे एका रेषेत, पांढरेशुभ्र, हसरे.
डॉक्टर मला सांगतात, मॅडम, ओळ अगदी सरळ द्या.
देते. फक्त समोरच्या दोनांतला एक
केसभर फिरवते.
कुणाला कळत नाही.
आरशात माणूस स्वतःला ओळखतो, एवढंच.

लीलाधर तांडेलला हे पटलं नसतं.
कॉलेजात एका कॅसेटचे पैसे आम्ही अर्धे अर्धे भरायचो,
आठवडाभर त्याच्याकडे, आठवडाभर माझ्याकडे.
पुढे कधीतरी तो म्हणाला,
ठेका मशीनने धरला तर बिघडलं काय?
मशीन निदान चुकत तरी नाही.
त्यावरून अकरा वर्षं अबोला.
हसू नका. लोक जमिनीवरून भांडतात,
आम्हाला जमीन नव्हती.

परवा त्याच्या मनालीचा मेसेज:
मावशी, आमचा पहिला अल्बम. अजून कच्चा आहे.
खरं खरं सांग.
माहीम कोळीवाड्यात, माडीवरच्या खोलीत,
खिडक्यांना गाद्या लावून केलेला.

पहिलं गाणं उसनं. कुणाकडून ते तिला माहीत आहे.
दुसऱ्यात बेस छान, जिन्यावरून कुणी अनवाणी उतरावं तसा.
तिसरं लांबलंय.
चौथ्यात गाद्यांना न जुमानता
काहीतरी आत आलंय.
खाली, तळाशी, गिटारच्याही मागे
बोटीचं इंजिन.

सहा ठोके, सातवा गिळलेला.
सहा ठोके, सातवा गिळलेला.

त्या बोटीत बसलेय मी, अठ्ठ्याण्णव साली,
टेपरेकॉर्डर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून,
सुक्या बोंबलांच्या पाटीला टेकून,
आणि तेव्हाही म्हटलं होतं, दुरुस्त करून घे हे.
उद्या करतो, म्हणाला होता.
मशीन चुकत नाही म्हणे.

खाली मनालीने लिहिलं होतं:
चौथ्यात मागे थोडी घरघर आलीये, सॉरी,
फायनलमध्ये काढून टाकू.

हात पुसले. टाइप केलं:
तिसरं अर्ध्यावर आण.
पहिल्याचं काय करायचं ते तुझं तू बघ.
घरघरीला हात लावलास तर तुझ्याशीही अबोला.
तुमच्या ड्रमरपेक्षा बरी वाजतेय ती.
आणि बापाला सांग
नाही, बापाला काही सांगू नकोस.
ही ओळ खोडली, पुन्हा लिहिली,
तशीच गेली.

मग उरलेली दाढ चिमट्यात धरली,
कुर्ल्याच्या कुणा मेहरुन्निसाबाईंची, खालची, डावीकडची,
आणि चौथं गाणं
पहिल्यापासून लावलं.