पाटचारी

बोटीचं नाव लीलाधरने ठेवलं पाटचारी.
मी म्हटलं, अरे, समुद्रात न्यायचीय ना ती?
तो म्हणाला, पाणी कितीही मोठं असो,
आपल्यापर्यंत येतं ते पाटचारीनेच.
गालच्या बंदरातल्या अधिकाऱ्याने ते नाव
चार वेळा खोडून चार तऱ्हांनी लिहिलं,
पाचव्यांदा नुसता शिक्का मारला.

नऊ वर्षं. बत्तीस फूट.
वरणगावच्या फॅक्टरीतला फिटर आणि त्याची बायको,
दीड बिघा विकून पाण्यात गेलेले.
सावद्यात भाऊबंद वर्षभर
आमचं नाव हळू आवाजात घ्यायचे.

केबिनच्या टपावर मी बिबड्या वाळवल्यात,
मीठ कमी घालून;
उरलेलं वारा घालायचा.
भरताची वांगी मात्र कुठल्याच बंदरात मिळाली नाहीत.

भांडणं तिथेही झाली.
पण तावातावाने बाहेर निघून जायला
बाहेर नव्हतं.
मग पुढच्या टोकाला जाऊन बसायचं,
त्याच्याकडे पाठ करून,
कमरेचा पट्टा बोटीलाच अडकवून.

रात्री एक झोपला की दुसऱ्याने जागायचं.
तीन तास तो, तीन तास मी.
उठवताना बोलायचं नाही,
पायाच्या अंगठ्याला नुसता हात लावायचा.
त्याने सोडलेल्या गरम अंथरुणात मी शिरायचे
आणि वर त्याचं खोकणं ऐकू येईतो जागी राहायचे.
भर समुद्रात आम्ही एकमेकांना झोपलेलं पाहिलं,
एकमेकांशेजारी झोपलो नाही.

मग एका पहाटे तो म्हणाला,
दोन दीपस्तंभ दिसताहेत.
मी नकाशा पाहिला. किनारा पाहिला.
एकच होता.
मी काही बोलले नाही, सुकाणू हातात घेतलं.
त्यालाही तेवढ्यावरून कळलं.

कोचीत बोट विकली.
मोठं शीड तेवढं कापून आणलं.
त्यावर आता गल्लीतल्या बायका उडदाचे पापड वाळवतात.
होकायंत्र खिडकीत ठेवलंय.
काटा सातपुड्याकडे बघत बसतो,
त्याला दुसरं काम नाही.

कोकिळा भारंबे लाटता लाटता विचारते,
"रातच्याले कुठी थांबता वं मंग तुम्ही?"
थांबत नाही, मी म्हणते.
"मंग चालवते कोन?"
मी सांगते, तीन तास तो, तीन तास मी.
हा प्रश्न मला कलेक्टर कचेरीतल्या साहेबाने विचारला होता,
पुण्याच्या भाच्याने विचारला होता,
आणि दोघांचेही चेहरे कोरेच राहिले होते.
कोकिळाचं लाटणं थांबलं.
"म्हनजे आमची रातची लाईट."

तिच्या वावरात या आठवड्यात एक ते नऊ.
तो मोटर चालू करायला विहिरीवर,
ती ब्याटरी घेऊन बांधावर, कारण बिबट्या फिरतो.
एकाने डुलकी घ्यायची, दुसऱ्याने पाणी पाहायचं
कुठल्या वाफ्यात पोचलं ते.
"सोळा वरीस झाले," ती म्हणाली
आणि पुढची लाटी घेतली.

वैशाखात केळीची पानं वाऱ्याने फाटून फडफडतात,
ढिल्या पडलेल्या शिडासारखी.
झोपेतच माझा हात दोरी शोधतो.
घर हलत नाही, त्याचीच मळमळ होते.
काल रात्री अडीचच्या सुमाराला
अंगठ्याला हात लागला.
उठले. पाळी माझी होती.
तो गच्चीच्या कठड्याशी उभा,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर.

"भारंब्याच्या वावरात," तो जरा कचरत म्हणाला,
"मला दोन दिवे दिसताहेत."

मी डोळे चोळले, नीट पाहिलं.
केळीमागे, थोड्या अंतराने, हलत हलत,
दोनच होते.