शेवटची फेरी

सायबिणीचा चांदीचा मुकुट गेला त्या रात्री
कायतान कुठं होता,
हवालदार तिसऱ्यांदा विचारतोय.
तो गप्प.

रायबंदरची शेवटची फेरी चुकली होती त्याची.
म्हणजे, त्यानंच चुकवली.
भट्टीमागे, मैद्याच्या पोत्यांवर,
त्याच्या गळ्यातला क्रूस माझ्या छातीला
आधी गार लागला,
मग लागलाच नाही.

फादरना सगळं सांगितलंय मी, जाळीतून.
त्यांना बोलता येत नाही.
मला येतं.

त्याच्या आईनं मेणबत्ती लावलीय:
खरा चोर सापडू दे, माये.
माझ्याकडून पाव घेताना म्हणाली,
तूही माग.

पहाटे टोपली सायकलला बांधली.
वडापाशी उजवीकडे गिऱ्हाईकं, डावीकडे चौकी.
बऱ्याच वेळानं ध्यानात आलं,
भोंपू वाजवायचा राहिलाय,
आणि या रस्त्यावर
पाव कुणीच घेत नाही.