ड्रेस

आमच्याकडे हा शब्द आधी निळा-पांढरा होता.
जूनमध्ये बाबांच्या दुकानापुढे, गोळीबार चौकात,
बाया पोट्ट्यांना दंडाला धरून उभ्या राहायच्या :
"भाऊ, ड्रेस टाकाचा आहे याचा."
हाफपँट अन् शर्ट मिळून एक ड्रेस.
घरी आम्ही नुसते कपडे घालायचो.

शनिवारी बाई सांगायच्या, "उद्या झेंडा नाही, काही नाही,
सोमवारी मात्र ड्रेसवर या."
जशी ती एखादी सायकल होती.

फॅन्सी ड्रेसला त्या वर्षी वर्गात सतरा संत्री होती.
बाबा म्हणाले, "अठरावं नाही शिवत मी."
मला कूलर केलं.
पुठ्ठ्याचं खोकं, तीन बाजूंनी वाळ्याचे पडदे,
पोटावर पंखा, तो मी हाताने फिरवायचा.
नंबर नाही आला.
पण परीक्षक बाई मे महिन्यासारख्या माझ्यासमोर
बराच वेळ उभ्या राहिल्या.

नववीत शब्दाला ओढणी आली.
"पंजाबी" हे त्याच्या पुढचं विशेषण
गांधीबागेत कुठल्या तरी काउंटरवर गळून पडलं असावं,
कुणी परत मागायला गेलं नाही.
मग पाहायला आलेले निखारे,
पोहे खाता खाता, मोठ्या मनाने :
"आमच्यात ड्रेस चालते."
मी ट्रेमधल्या कपांकडे पाहत विचार केला,
चालते म्हणजे कुठपर्यंत?
(दारापर्यंत, असं नंतर कळलं.
सणाला नाही. सासऱ्यांच्या भावापुढे नाही.)

मेयोची ऑर्डर आली, तीत माझ्या नावापुढे : ड्रेसर.
बाबांनी चष्मा पुसून तीनदा वाचली.
"दवाखान्यात कपडे काहून शिवते बाप्पा?"
कपडे नाही, जखमा. जखमांचं ड्रेसिंग.
ते इतके हसले की तोंडातली टाचणी काढून ठेवावी लागली.
संध्याकाळी चौकभर सांगून आले,
"पोरगी माह्याच लाइनीत आहे."

एकदा रामदासपेठेत, निखाऱ्यांच्या धाकट्याच्या पार्टीत,
वेटरनं विचारलं, "मॅडम, ड्रेसिंग वरून घालू की वेगळं देऊ?"
दिवसभरात एकतीस केली होती.
मी काकडी नुसतीच खाल्ली.

आणि हे पाऊल.
उजवं, पायडलचं. अंगठ्याच्या खाली
रुपयाएवढी जागा, जी महिनाभर
बाबांनी कोणालाच दाखवली नाही.
शुगर आहे, हे माहीत होतं.
"मशीन चावली असन," म्हणाले,
जणू ती घरचीच, चाळीस वर्षांची, तिचं काय मनावर घ्यायचं.

आता रोज ड्युटी संपली की मी दुकानात.
कातरणाच्या ढिगावर त्यांचा पाय,
मी खाली, ते स्टुलावर,
कूलर आमच्या दोघांवर पाणी शिंपडतो.
धुते. पुसते. गॉज ठेवते.
ते वरून पाहतात, जसे शिकाऊ पोराचे हात पाहायचे :
"सरळ नको कापू पट्टी. उरेब काप.
उरेब कपडा अंगासंग जाते."
मेयोत हे कोणी शिकवलं नव्हतं.
मी उरेब कापते.

दुखतं का, विचारत नाही. ते सांगणार नाहीत.
पहिल्या वेढ्याला त्यांची बोटं
गळ्यातल्या टेपशी जातात, तेवढंच.

काल मी पट्टी ताणून बसवत होते, घट्ट, नीटनेटकी.
त्यांनी माझं मनगट धरलं.
"इतकी फिट नको. माया सोड थोडी.
सुजलं-बिजलं तर उसवाले जागा पायजे."

माया. शिवणीच्या आत दुमडलेला तो
अर्धा-पाऊण इंच कपडा,
जो बाहेरून कोणाला दिसत नाही.
माझे सगळे ड्रेस त्यांनी तसेच शिवले होते,
दहावीचा निळा मी बारावीत उसवून घातला होता.

मी पट्टी सैल केली. दोन बोटं जातील इतकी.

दारात एक बाई, पोट्ट्याचा दंड धरून.
"भाऊ, ड्रेस..."
"थांबा जरासे," बाबा म्हणाले,
पाय तसाच माझ्या मांडीवर ठेवून,
"ट्रायल सुरू आहे."